सार्वजनिक आरोग्यात पीएचडी : गोव्यातून अर्ज करायचा तर सुरुवात कुठून?

शेवंती

नमस्कार मंडळी. बीडीएस गोव्यातून आणि त्यानंतर दोन वर्षांचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या राज्यातून, ६३ टक्के. वय २९. सध्या उत्तर गोव्यात असंसर्गजन्य रोगांच्या एका प्रकल्पात कंत्राटी नोकरी आहे. पुढच्या वर्षी पीएचडीला अर्ज करायचा विचार आहे. विषय उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं. नेमकं विचारायचंय ते असं :

नेट दिल्याशिवाय भारतात आता प्रवेश मिळतो का? गाइड आधी शोधायचा की प्रवेश आधी घ्यायचा? नोकरी न सोडता पार्ट टाइम जमतं का? परदेशात पीएचडी आणि डीआरपीएच (डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ) यांतलं काय घ्यावं? आणि प्रपोजल किती खोलात लिहायचं? दोन पानं की वीस?

ज्यांना या प्रक्रियेची नीट माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

वाळपईकर

शेवंतीताई, भारतातल्या प्रवेशाबद्दल लिहितो. परदेशाबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

यूजीसीचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत, ते एकदा मुळातून वाचा. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट. तुमचं बीडीएस अधिक एमपीएच त्यात बसतं. कालावधी कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुढे २ वर्षांपर्यंत मुदतवाढ आणि महिलांना त्यावर आणखी २ वर्षं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा पेपर सक्तीचा. थेसिस देण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२मध्ये गेली, पण अनेक संस्थांनी आपल्या पातळीवर ती ठेवली आहे, तेव्हा त्या त्या संस्थेचं नियमपत्रक पाहा.

नेटचं असं आहे. जून २०२४पासून निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसकट (संशोधनाची फेलोशिप) पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र, फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. शेवटच्या दोन गटांतल्यांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. लोक अडकतात ते इथे. डिसेंबरची परीक्षा दिली, निकाल आला, पण ज्या विद्यापीठात जायचं तिथली जाहिरात वर्ष उलटल्यावर निघाली, तर पुन्हा परीक्षा. म्हणून आधी संस्थांच्या प्रवेशाचे महिने काढा आणि त्याप्रमाणे जूनची की डिसेंबरची नेट ते ठरवा. तुमच्यासाठी विषय ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, दोन्ही मिळून ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची, महिलांना ५ वर्षांची सूट आहे, त्यामुळे तुमच्या हाती वेळ आहे. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिना ३७ हजार, पुढे एसआरएफला (फेलोशिपचा वरचा टप्पा) ४२ हजार. घरभाडं भत्ता वेगळा. हे पैसे संस्थेच्या मर्जीवर नसल्यामुळे जेआरएफवाल्याकडे गाइडही वेगळ्या नजरेने पाहतो, हे खरं आहे आणि ते लक्षात घेऊनच तयारी करावी.

नेट हा एकच दरवाजा नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचं अच्युत मेनन केंद्र, चंदीगडची पीजीआय या संस्थांच्या प्रवेशाच्या पद्धती त्यांच्या त्यांच्या आहेत. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिथेच जवळ आयआयपीएस, लोकसंख्येच्या अंगाने काम करायचं असेल तर. गोव्याहून जाऊन-येऊन राहण्याच्या दृष्टीने मणिपालचं प्रसन्ना स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ आणि बेळगावचं केएलई अभिमत विद्यापीठ हे पर्याय जवळचे, पण तिथे फी आणि फेलोशिप यांचा हिशोब आधी लेखी मागवा. गोवा विद्यापीठाच्या दर वर्षीच्या पीएचडी जाहिरातीत विषयवार जागा आणि गाइड येतात. तुमच्या विषयाला त्या वर्षी जागा आहे का, ते तिथेच कळेल.

आता गाइड. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे नामवंत नाव पाहून भुलू नका. विचारा की जागा रिकामी आहे का आणि निवृत्ती कधी. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. पत्र दीडशे-दोनशे शब्दांचं, सोबत एक पान टिपण आणि दोन पानांचा बायोडेटा. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध खरोखर वाचून त्यातल्या एका मुद्द्याला तुमचा प्रश्न कुठे जोडला जातो ते दोन ओळींत लिहा. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, मला आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करायला आवडेल’ असली पत्रं उत्तराविना पडून राहतात, कारण ‘कोणत्याही विषयावर’ म्हणणाऱ्याला अजून प्रश्नच सापडलेला नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

माझं ठाम मत : प्रश्न आधी, मग माणूस, मग संस्था. उलट्या क्रमाने गेलेल्यांची पहिली दोन वर्षं विषय बदलण्यात जातात.

पार्ट टाइमला नियमात परवानगी आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणची एनओसी लागते आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : पार्ट टाइम करायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडतील. तुमची नोकरी कंत्राटी आहे. प्रकल्प दोन वर्षांत संपला तर एनओसीलाही अर्थ उरत नाही आणि रुग्णांच्या नोंदी पाहण्याची वाटही बंद होते. त्यामुळे पार्ट टाइमचा विचार नोकरी पक्की असेल तरच. आणि ‘ऑनलाइन पीएचडी’च्या जाहिरातींकडे वळूनही पाहू नका. परदेशी संस्थांच्या नावावर खासगी कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीईने २०२२मध्ये जाहीर सांगितलं आहे.

आकडेमोड

प्रपोजलबद्दल लिहिते, कारण मुलाखतीत माणूस पडतो तो बहुतेक वेळा इथेच.

‘गोव्यातील उच्च रक्तदाब : एक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न असा हवा की उत्तर काय आलं म्हणजे काय ठरेल, हे आधीच सांगता यावं. समजा : ज्या केंद्रात औषध १५ दिवसांचं देतात आणि ज्या केंद्रात ३० दिवसांचं देतात, तिथे वर्षभरात उपचार सोडणाऱ्यांच्या प्रमाणात फरक पडतो का? याचं उत्तर आरोग्य संचालनालयाला उद्या वापरता येईल.

आता याचा सॅम्पल साइज काढून दाखवते, म्हणजे ‘पुरेसे रुग्ण घेऊ’ या वाक्यात काय दडलेलं असतं ते दिसेल. गृहीत धरू की १५ दिवसांच्या केंद्रांत ४५ टक्के सोडतात आणि ३० दिवसांच्या केंद्रांत ३० टक्के. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी. प्रपोजलमध्ये ते आधीच्या अभ्यासावरून किंवा छोट्या चाचणीवरून घ्यायचे.) ९५ टक्के विश्वासपातळी, ८० टक्के पॉवर (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता). दोन प्रमाणांच्या तुलनेच्या सूत्राने प्रत्येक गटात १६० रुग्ण येतात. बरेच जण इथेच थांबतात, आणि परीक्षक तिथेच पकडतो. कारण एका केंद्राचे रुग्ण एकमेकांसारखे असतात : तोच डॉक्टर, तोच फार्मासिस्ट, तीच बस. त्यासाठी डिझाइन इफेक्ट, म्हणजे रुग्णसंख्या वाढवणारा गुणक, लावावा लागतो. एका केंद्रातून २५ रुग्ण आणि आयसीसी (एका केंद्रातल्या रुग्णांच्या सारखेपणाचं माप) ०.०२ धरला तर १ + २४ × ०.०२ = १.४८, म्हणजे दीड. १६०चे झाले २४०. वर्षभरात १५ टक्के हाताबाहेर जातील असं धरून २४० भागिले ०.८५, म्हणजे २८३. दोन्ही गट मिळून ५६६ रुग्ण, आणि २५च्या हिशोबाने प्रत्येक गटाला १२ केंद्रं, एकूण २४.

गोव्यासारख्या राज्यात एका विद्यार्थिनीला २४ केंद्रं सांभाळणं अवघड. मग एका केंद्रातून ४८ रुग्ण घेतले तर? डिझाइन इफेक्ट १.९४ होतो, प्रत्येक गटात ३६६ रुग्ण लागतात, पण केंद्रं प्रत्येकी ८, एकूण १६. रुग्ण वाढले, प्रवास कमी झाला. यातलं काय निवडलं आणि का, हा परिच्छेद प्रपोजलमध्ये असेल तर वाचणाऱ्याला समजतं की या मुलीने वाळपई ते काणकोण अंतराचाही विचार केलाय.

गोव्यातल्या केंद्रांवर जागतिक दर्जाचं काम होत नाही असं कुणी म्हणालं तर पर्वरीच्या ‘सांगात’ संस्थेचं काम दाखवा. नैराश्य आणि चिंतेच्या उपचारात प्रशिक्षित बिगरडॉक्टर समुपदेशक वापरण्याची ‘मानस’ चाचणी गोव्यातल्याच २४ ठिकाणी झाली, १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने, आणि ती २०१०मध्ये लॅन्सेटमध्ये आली. गोवा लहान आहे हा तोटा नाही, पण लहान असल्यामुळे कोणता प्रश्न इथे बसतो आणि कोणता बसत नाही हे तुम्हाला कळायला हवं. उदाहरणार्थ एनएफएचएस-५ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) माहिती डीएचएस प्रोग्रामच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते, पण गोव्याचा नमुना छोटा आहे, पुरुषांचा तर काही शेकड्यांचाच. त्यातून तालुकावार निष्कर्ष काढायचं कुणी प्रपोजलमध्ये लिहिलं तर ते तिथल्या तिथे बाद होतं. ४५ वर्षांवरच्यांसाठी लासी या देशव्यापी सर्वेक्षणाची (२०१७-१८ची पहिली फेरी) माहिती पाहा, रक्तदाब प्रत्यक्ष मोजलेला आहे.

परवानग्यांचा क्रमही वेळापत्रकात दाखवा. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता, आणि ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना ते पाहा. मग पणजीला कांपालच्या आरोग्य संचालनालयाची लेखी परवानगी. हस्तक्षेप करणारी चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांची नोंदवही) नोंदणी. या साऱ्याला चार-सहा महिने धरा. त्यात रुग्ण नोंदवायला सहा महिने आणि पाठपुराव्याचं वर्ष मिळवलं की कोर्सवर्क झाल्यावर दोन वर्षं सरळ जातात. तीन वर्षांत सगळं आटपेल असा तक्ता काढू नका, कुणी विश्वास ठेवत नाही.

लांबी : गाइडला पाठवायचं टिपण एक पान. अर्जाबरोबरचं प्रपोजल संस्था सांगेल तेवढं, सांगितलं नसेल तर दीड ते दोन हजार शब्द. त्यातली निम्मी जागा पद्धतीला द्या. रक्तदाबामुळे जगात किती मृत्यू होतात यावर दोन पानं खर्चणारी प्रपोजलं मी वाचते तेव्हा पद्धतीला जेमतेम सहा ओळी उरलेल्या असतात.

दर्यावर्दी

वाळपईकरांचा ‘प्रश्न, माणूस, संस्था’ हा क्रम भारत आणि ब्रिटनला बरोबर लागू पडतो. अमेरिकेला तसाच लावू नका. तिथे बऱ्याच विभागांत प्रवेश समिती देते, गाइड पहिल्या-दुसऱ्या वर्षात ठरतो. म्हणून तिथल्या प्राध्यापकाला ‘मला घ्याल का’ असं विचारून उपयोग नसतो. ‘येत्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का आणि अमुक विषयावर तुमच्याकडे काम चालू राहील का’ एवढं विचारा आणि ज्यांचं उत्तर आलं त्यांची नावं एसओपीमध्ये (अर्जासोबतचं उद्देशपत्र) कारणासह लिहा.

अमेरिकेतल्या बहुतेक स्कूल ऑफ पब्लिक हेल्थचे अर्ज सोफास या एकाच व्यवस्थेतून जातात. पण सगळेच नाही. हार्वर्डची पॉप्युलेशन हेल्थ सायन्सेसमधली पीएचडी त्यांच्या ग्रॅज्युएट स्कूलमार्फत, तर तिथलीच डीआरपीएच सोफासमधून. एकाच विद्यापीठात दोन दरवाजे, म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाचं पान वेगळं वाचा. अंतिम तारखा बहुतांशी १ डिसेंबरच्या आसपास. भारतातल्या गुणपत्रिकांसाठी सोफासला डब्ल्यूईएसचं (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) विषयवार मूल्यांकन लागतं, आणि ते ‘आयकॅप’ प्रकारचंच, साधं चालत नाही. बीडीएसचं आणि एमपीएचचं दोन्ही. विद्यापीठ ट्रान्सक्रिप्ट देणार, डब्ल्यूईएसला पाठवणार, ते मूल्यांकन करणार, मग सोफासला पोचणार. ऑगस्टमध्ये सुरुवात केली नाही तर डिसेंबर गाठणं कठीण. आपले टक्के स्वतः जीपीएमध्ये बदलून लिहू नका. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेकांनी काढून टाकली आहे, काही ठिकाणी ऐच्छिक आहे. गणित-संख्याशास्त्राचे विषय पदवीला नसतील तर (बीडीएसला नसतातच) ऐच्छिक असली तरी तिच्या गणिताच्या भागातले (क्वांट) चांगले गुण उपयोगी पडतात.

पीएचडी की डीआरपीएच : संशोधन, अध्यापन करायचं असेल तर पीएचडी. खात्यात किंवा संस्थेत वरच्या जागी धोरण आणि अंमलबजावणी करायची असेल तर डीआरपीएच. पण पैशाचा फरक मोठा आहे. पूर्ण वेळच्या पीएचडीला फीमाफी आणि विद्यावेतन मिळण्याची शक्यता बरीच, डीआरपीएचला स्वतःचे पैसे घालावे लागण्याची शक्यता जास्त. प्रवेशपत्र आलं की पाच गोष्टी लेखी विचारा : विद्यावेतन किती वर्षं पक्कं, उन्हाळ्याच्या महिन्यांत मिळतं का, आरोग्य विमा कुणाचा, विद्यार्थी शुल्क कोण भरतं, आणि गाइडचा निधी संपला तर काय. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर देण्यासाठी बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. त्याआधी कुणी घाई केली तर ती तारीख दाखवा. २०२५मध्ये तिथल्या संशोधन निधीला कात्री लागली आणि कित्येक विभागांनी जागा कमी केल्या, तेव्हा केवळ अमेरिकेवर भिस्त ठेवू नका.

लंडन स्कूल ऑफ हायजीनला आधी एमफिल/पीएचडी म्हणून नोंद होते आणि नंतर पक्क्या पीएचडीत जाण्यासाठी अपग्रेडची परीक्षा. तिथे प्रपोजल आणि गाइडची संमती अर्जाआधीच हवी. प्रवेश तुलनेने मिळतो, पैसे मिळत नाहीत, हे तिथलं खरं दुखणं. स्वीडनसारख्या देशात पीएचडी ही पगारी नोकरी असते, जाहिरात निघते आणि विषय आधीच ठरलेला असतो. तिथे स्वतःचं प्रपोजल नव्हे, त्या प्रकल्पाला तुम्ही कशा उपयोगी पडाल ते लिहायचं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कचंही तसंच, फक्त गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त त्या देशात राहिलेलं नसावं ही अट असते. गोव्याहून थेट जाणाऱ्याला तिचा त्रास नाही.

एक महत्त्वाचं. परदेशी विद्यापीठात राहून माहिती मात्र गोव्यात गोळा करायची असेल तर तिथली एथिक्स मान्यता पुरत नाही, इथल्या कमिटीचीही लागते. आणि परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आयसीएमआरमार्फत एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती) मंजुरी. यात महिने जातात.

तिसरी वाट लोक विसरतात : पीएचडी भारतातच नोंदवायची आणि फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करायचं. त्यासाठी भारतात पीएचडीची नोंदणी आधी झालेली असावी लागते.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड मॅडम, तुमचं गणित वहीत उतरवून घेतलं. दोन शंका उरल्या. माझं आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगने आणि पासपोर्टवर दुसऱ्या स्पेलिंगने आहे. आणि शिफारसपत्रं कुणाकडून घ्यावीत? एमपीएचचे गाइड आहेत, बीडीएसच्या विभागप्रमुख आहेत आणि सध्याचे प्रकल्पप्रमुख.

फोंडेकर

स्पेलिंगचा प्रश्न गोव्यात घरोघरी आहे, पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं जुन्या कागदांवर अजून आहेत. अर्ज, आयईएल्ट्स, डब्ल्यूईएस, नेट सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग वापरा. पदवीवर वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा, आणि विद्यापीठाकडे दुरुस्ती होते का तेही विचारा, कारण डब्ल्यूईएसकडे नावं जुळली नाहीत की फाइल थांबते. आयईएल्ट्स आधीच उरकू नका, निकाल दोनच वर्षं चालतो.

ट्रान्सक्रिप्ट मागवताना एकदम पाच-सहा संच मागवा, विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात, जोडावर शिक्का आणि सही असलेले. पाकीट उत्सुकतेने उघडलं की ते बाद. राज्याच्या कोणत्याही शिष्यवृत्तीला रहिवासी दाखला लागतो. मामलेदार कार्यालयातून १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आत्ताच काढायला द्या. पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयात मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजनेची चालू वर्षाची नियमावली घ्या आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचीही. घरात कुणी पोर्तुगीज पासपोर्टचा विषय काढला असेल तर हा निर्णय शिष्यवृत्त्यांच्या आधी नीट तपासा : तो घेतला की भारतीय नागरिकत्व राहत नाही, आणि फुलब्राइट-नेहरूसारख्या भारतीय नागरिकांसाठीच्या फेलोशिप हातून जातात.

शिफारसपत्रं तिघांचीही घ्या, पण बीडीएसच्या मॅडमना तुमचं संशोधनाचं काम माहीत नसेल तर त्यांच्याऐवजी एमपीएचला संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना विचारा. ‘मेहनती आणि नम्र’ यापलीकडे जे लिहू शकत नाहीत त्यांचं पद कितीही मोठं असलं तरी पत्र हलकं पडतं. प्रत्येकाला एक पान पाठवा : तुम्ही त्यांच्या हाताखाली नेमकं काय केलं, किती रुग्णांची माहिती हाताळली, विश्लेषण कशात केलं, आणि अंतिम तारीख. सोफास पत्रासाठीची लिंक थेट त्यांच्या ईमेलवर पाठवतं. आपल्याकडचे बरेच सर जीमेल वापरतात, शक्य तिथे संस्थेचा ईमेल द्यायला सांगा. लिंक स्पॅममध्ये जाते, तेव्हा पाठवल्याच्या दिवशीच फोन करून स्पॅम पाहायला सांगा आणि नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत पत्र चढलंय का ते अर्जाच्या खात्यात तपासा. चतुर्थीच्या सुट्टीआधी विचारलंत तर सर्वांनाच वेळ मिळतो.